वरच्या कोर्टाचा निकाल

माझे बाबा, श्रीरंग देवस्थळी, पुण्यात तीस वर्षं इंग्लंडची न्यायपद्धती शिकवत होते, आणि घरही तसंच चालवायचे. वरच्या कोर्टाने एकदा निकाल दिला की तशाच खटल्यात खालच्याने तोच द्यायचा. सुटका एकच, आपला खटला वेगळा आहे हे पटवायचं. मला दहावीत ट्रेकला सोडलं नाही, म्हणून धाकट्या उर्जालाही नाही. "प्रिसिडंट आहे," म्हणायचे, म्हणजे आधीचा निकाल. अस्सं डोक्यात जायचं!

जर्मनीत डार्मश्टाटला मी टोबियासशी लग्न ठरवलं, तेव्हाही तेच. आमच्या आत्याने जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा आजोबा त्या लग्नाला गेले नव्हते, म्हणून बाबा माझ्या लग्नाला येणार नाहीत. मी सांगून पाहिलं, आत्या पळून गेली होती, मी तुम्हाला विचारून करतेय, माझा खटला वेगळा आहे. ढिम्म हलले नाहीत. आईलाही येऊ दिलं नाही. ती फोनवर नुसती रडली. चार वर्षांपूर्वी ती गेली. माझं घर, माझी लेक अन्वी, सगळं तिने व्हिडिओवरच पाहिलं.

आणि परवा बॉनला उर्जाचं लग्न झालं. नवरा जर्मनच. बाबा हजर! श्टांडेसाम्टमध्ये, म्हणजे लग्नं लावतात त्या कचेरीत, नवा सूट घालून पहिल्या रांगेत. जावयाच्या पाठीवर थाप काय, पुण्याहून आणलेले पेढे काय! मी हसून फोटो काढत होते आणि आतून नुसती जळत होते.

संध्याकाळी ऱ्हाइनच्या काठावर, बाकावर एकटे बसलेले असताना त्यांना गाठलंच.

"काय हो बाबा, आता कुठे गेला प्रिसिडंट?"

"सर्वोच्च न्यायालय स्वतःचा जुना निकाल बाजूला ठेवू शकतं गं. चुकीचा वाटला तर."

"आणि त्या जुन्या निकालात जो हरला, त्याला काय मिळतं?"

"काही नाही. त्याचा खटला संपलेला असतो."

"माझ्या लग्नाच्या वेळी आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. तुमच्या वर कोण होतं तेव्हा? सांगा ना!"

बाबांनी चष्मा काढला. "कोणी नाही. लोक काय म्हणतील, याला घाबरलो मी. निकालाचं नाव पुढे केलं. चुकलो गं, मीनू."

अकरा वर्षं मला एवढंच ऐकायचं होतं. वाटायचं, ऐकलं की मोकळं वाटेल. कसलं काय! मला नुसती आई आठवत राहिली.

"हे आईला कधी बोललात?" मी विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"हॉस्पिटलमध्ये ती रोज विचारायची," ते म्हणाले, "मीनलकडे कधी जायचं म्हणून. मी रोज तोच निकाल सांगितला."