मला तेल वाहू नका

मित्रांनो, नांदगाव पेठच्या पुढे पुलाखालच्या नाल्यात काठाला एक पसरट काळा दगड दिसतो ना, तोच मी. माझं वय विचारू नका, मलाही ठाऊक नाही. पण ज्या दिवशी माणिकबाईंच्या सासूने माझ्यावर पहिल्यांदा मुळे धुतले, त्या दिवसापासून मी कामाचा झालो.

माणिकबाई आणि त्यांचे यजमान देवीदास भाजीचा मळा करतात. माणिकबाई रोज सकाळी मुळे, गाजरं, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या माझ्यावर धुवायच्या आणि अमरावतीच्या बाजारात न्यायच्या. "माणिकबाईचा माल म्हणजे चकाचक," असं गिऱ्हाइकं म्हणायची. ते कानावर आलं की मी आतून फुगायचो. दगड असलो म्हणून काय झालं!

दोन वर्षांपूर्वी, पौषात, पुलावर एक टँकर उलटला. भट्टीत जाळायचं जाड काळं तेल नाल्यात उतरलं आणि माझ्या अंगाला चिकटलं. मासोळ्या मेल्या, माझं शेवाळ गेलं, गोगलगायी गेल्या. पंधरा दिवसांनी पाणी साफ दिसलं म्हणून माणिकबाईंनी मुळे धुतले. ती पाटी बाजारातून तशीच परत आली. "बाई, याले तेलाचा वास येते," असं म्हणून जुनी गिऱ्हाइकंही दुसरीकडे वळली. मग माणिकबाई गावच्या हापशीवर रांग लावू लागल्या. बाजाराला पोचेपर्यंत ऊन वर यायचं आणि माल सुकायचा.

माझं काम गेलं होतं. ते परत मिळवायचंच, असं मी ठरवलं.

दगडाला जमतं ते एकच, उघडं पडून राहणं. मी तेच जिद्दीने केलं. तेलातला हलका भाग पहिल्या काही दिवसांतच हवेत उडाला. उरलेलं घट्ट झालं. मग उन्हाने त्याला तडे पाडले, पापुद्रे धरले. डोळ्यांना न दिसणारे इवलेसे जीव येऊन ते तेल खाऊ लागले, अगदी सावकाश. आता पुराचं गढूळ पाणी आलं की माती त्या तेलाला धरून खाली नेणार होती. मी वाट पाहत होतो.

आणि चैत्रात घोटाळा झाला. एका शनिवारी देवीदास काठावर आले. माझं तेलकट अंग उन्हात चमकत होतं. "अवं माणिक, पाह्य ना! मारुतीराया परगट झाले!" त्यांनी हात जोडले, मला शेंदूर फासला आणि वरून तेल ओतलं. झालं! दर शनिवारी गाव तेल घेऊन येऊ लागलं. जेवढं घालवलं होतं, तेवढं पुन्हा चढलं. मला ओरडावंसं वाटायचं, अरे बाबांनो, मी मुळे धुण्याचा दगड आहे!

पुढे तर मनोज मिस्त्री सिमेंट आणि टिनपत्रे घेऊन आला. भोवती ओटा, वर छप्पर. म्हणजे ऊनही बंद आणि पूरही बंद. मी पुरता घाबरलो.

माणिकबाई आल्या आणि सरळ माझ्यावर बसल्या.

"उठ वं, देवाचा कोप होईन," देवीदास म्हणाले.

"झाला तं माह्यावर होऊ द्या." त्यांनी पदराचं टोक माझ्यावर घासलं आणि काळाकुट्ट डाग सगळ्यांपुढे धरला. "हे टँकरचं तेल हाय. देवाले असलं वाह्यता काय तुमी? घ्या, लावा कपायाले!"

कोणीच पुढे आलं नाही. मग देवीदासांनी गवताच्या मुठीने माझा शेंदूर पुसला आणि तेलाची बाटली गावातल्या मारुतीकडे नेली. मनोजने टिनपत्रे परत गाडीत टाकले.

त्यानंतर दोन पावसाळे गेले, चार मोठे पूर माझ्यावरून गेले. परवा माणिकबाईंनी माझ्यावर एक मुळा धुतला, हुंगला आणि कचकन खाल्ला. अर्धा देवीदासांच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटून चावला.

"आण पाटी," ते म्हणाले. मला रडू फुटलं असतं, पण दगडाला ते येत नाही.

मित्रांनो, माझ्या एका कपारीत अजून त्या तेलाचं मूठभर डांबर आहे. तेही घालवीन, मी हटणारा नाही. तुम्ही फक्त नाल्यात काही सांडू नका, आणि मला उन्हापाण्यात राहू द्या. येता-जाता नमस्कार करावासा वाटला तर खुशाल करा. पण जरा आटपून, माणिकबाईंना बाजार गाठायचा असतो.