कोळसा भरला, वाफ कुठाय?

"पी मुकाट्यानं."

"बाबा, पोटात ढवळतंय."

"ढवळू दे. पी."

दूध-साखरेचा तिसरा पेला बाप पोरीच्या तोंडाशी धरून बसला होता. कपडे धुण्याच्या कारखान्यात तो बॉयलर सांभाळायचा, आणि उभ्या जन्मात त्याला एकच गणित आलं होतं: कोळसा घाल, वाफ घे. पोरगी लहानपणी घरभर गरागरा फिरायची म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. आता एक जिना चढली की कठड्याला धरून मटकन खाली बसायची. मग काय, जळण कमी पडतंय! महिनाभर त्यानं तिला कोंबलं. अंडी, भात, दूध, साखर. त्याची धाकटी बहीण येऊन आगीत तेल ओतून गेली. "वहिनी, तुझ्या हातचं खाऊन पोरीची काडी झाली गं." बायको भांडी घासायला बसली. मोरीतली भांडी तेवढी बोलली.

पेला संपला आणि भिंगरी भडाभडा ओकली. मग बसल्या जागी धापा टाकायला लागली. पाऊलभर धावली नाही, तरी धाप!

दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "अन्न पोचतंय, हवाही पोचतेय. प्रत्येक पेशीत बारीक बारीक भट्ट्या असतात. अन्न तिथं हवेबरोबर पुरतं जळलं, की ताकद सुटते. हिच्या भट्ट्या जन्मापासून अधू आहेत. अर्धवट जळालेलं आम्ल होऊन रक्तात साठतं."

"मग जास्त घातलं तर?"

"जास्त साठेल."

"भट्टी आहे कुठं? पोटात?"

"सगळीकडे. बोटांत, डोळ्यांत, काळजात."

एका भट्टीपायी त्याचे केस पिकले होते, आणि या एवढ्याशा पोरीत अगणित? त्यानं विचारलं, "साफ कशा करायच्या?"

"साफ नाही होत. सांभाळायच्या. थोडं थोडं, वेळच्या वेळी द्यायचं. उपाशी ठेवायचं नाही, कोंबायचंही नाही. साखर बंद. दमली की बसू द्या."

त्यानं मान डोलावली. कळलं कप्पाळ!

दुसऱ्या दिवशी कामावर बॉयलरमधल्या वाफेचा जोर उतरला. जोडीदार फावड्यावर फावडं कोळसा लोटत सुटला. बाहेर धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघत होता.

"गाढवा, राखेनं भट्टीची जाळी चोंदलीय!" बॉयलरवाला गरजला. "न जळलेल्यावर आणखी टाकून विझवतोस काय...?"

आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. हे त्याला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं ठाऊक होतं. घरी मात्र महिनाभर हाच गाढवपणा त्यानं छातीठोकपणे केला होता.

दोघांनी आग उतरवली, जाळी खरवडली, पुन्हा पेटवली. वाफ चढली.

"बॉयलर बंद करता येतो," तो पुटपुटला. "पोरीला कुठून बंद करू?"

"काय बरळतोयस?"

"काही नाही. फावडं दे."

घरी बहीण मधाची बाटली घेऊन हजर. "दादा, चमचाभर मधानं कोण मरतंय?"

बायको दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती.

"बाटली परत ने."

"वहिनीनं पढवलं वाटतं!"

"तिनं नाही. तिला उगाच बोललो आपण. कोंबत मी होतो."

बहीण पाय आपटत निघून गेली. तेवढ्यात भिंगरी शाळेतून आली आणि जिन्याच्या वळणावरच बसली. बायकोनं अर्धा पाव त्याच्या हातात ठेवला. तो चार पायऱ्या उतरून पोरीशेजारी टेकला.

"बाबा, पेला?" तिनं घाबरून विचारलं.

"नाही. हा पाव. नको वाटलं की थांब."

"मग मी बरी होईन?"

"माहीत नाही गं."

त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती. म्हणजे आत कुठंतरी जळत होतं. किती, कसं, कुठवर, काही उमगत नव्हतं. धूर बघायला धुराडं नाही, वाफ बघायला काटा नाही. कशावर नजर ठेवायची माणसानं?

तिनं दोन घास खाल्ले आणि त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही दमलात का?"

"हो," तो म्हणाला. "तू ऊठशील तेव्हा उठू."