मोहाखालचे कागद

"रुखमाबाई, पेटी रिकामी कशी?"

नागपूरच्या दवाखान्यातून आजच वडशाला परतलेले रहमीम मास्तर खोलीतूनच ओरडले. रुखमाबाईनं पदराला हात पुसले. मास्तरांची बायको गेल्यापासून त्यांची चूल तीच सांभाळत होती. आता शाबासकी मिळणार म्हणून बिचारी हसली.

"भेऊ नोका, मास्तर. कागद आंगनातल्या मोहाच्या झाडाखाली पुरले."

मास्तर खोलीबाहेर आले. शाळेत इतिहास शिकवून उरलेला सगळा जन्म त्यांनी एका पुस्तकात ओतला होता. हजार वर्षांपूर्वी बगदाद-कैरोच्या मुसलमानी राज्यात यहुदी माणसं कशी जगली, काय विकत होती, कशावरून भांडत होती! अरबी मजकूर शेजारचे वहाबभाई वाचून दाखवत. मुंबईचा छापखाना ते छापायला तयार झाला आणि नेमकं तेव्हाच मास्तरांनी अंथरूण धरलं. दुसरी प्रत नव्हती.

"पुरले? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमीच तं! घरमालक म्हने, मास्तर काई आता जगत नाई, रद्दी किरानावाल्याले देतो. मी म्हटलं, देवाच्या कागदात मिरच्या बांधान का? बाई गेल्या तवा फाटकी पोथी तुमी त्यायच्या बाजूले पुरली. म्हने, देवाचं नाव असलेला कागद आमी यहुदी लोक जाळत नाई, फेकत नाई, मातीले देतो. कोनत्या कागदावर देवाचं नाव हाय, मले कुठी वाचता येते? म्हून सारेच पुरले."

"अगं बये, किराणावाल्याला दिले असते तर पुड्या सोडून चार पानं तरी हाती आली असती!"

तिनंच मोहाखाली फावडं मारलं. कागदांवरून सारा पावसाळा गेला होता. खाली नुसती चिकट माती आणि कागद खाऊन वळवळणारी उदई. ती रडू लागली. मास्तरांना तिची जराही दया आली नाही.

"त्यापेक्षा मला पुरायचं होतंस. चालती हो. पुन्हा दारात दिसू नकोस."

रुखमाबाई फावडं भिंतीला टेकवून, मान खाली घालून निघून गेली.

मास्तरांनी ढेकळं चाळली. शेवटी बोटभर चिटोरं मिळालं. कैरोच्या कुण्या व्यापाऱ्याच्या पत्राची सुरुवात त्यांनी त्यावर उतरवून घेतली होती. व्यापाऱ्याचं नाव उदईनं खाल्लं होतं, देवाचं तेवढं राहिलं होतं.

खिशात ठेवून काय करणार? फेकता तर येत नव्हतं. मास्तर गुडघ्यांवर बसले, चिटोरं खड्ड्यात ठेवलं आणि हातानं माती ओढू लागले.