माझ्या हातांवर उठलेल्या सोजरबाई

मी खुर्ची बोलतेय. दोन भक्कम हातांची, लाकडी.

ऋचा मॅडम स्कॉटलंडमध्ये फिजिओथेरपी शिकून पुण्यात परतल्या, तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपण ‘उठा’ म्हटलं की पेशंट उठेल. इथे पेशंटबरोबर सगळं घर उठायचं. मुलगा बगलेत हात घालायचा, सून पाय सरळ करायची. मॅडमनी नियमच केला, नातेवाइकांनी भिंतीशी उभं राहायचं.

पूर्वी मी एका वकिलांकडे होते. तिथे माझ्यावर बसलेला माणूस उठायचं नाव घेत नसे. इथे उठणं हीच परीक्षा. माझ्यावरून उठायचं, पिवळ्या पट्टीपर्यंत चालायचं, वळून परत येऊन बसायचं. लकव्यानंतर माणूस घरात एकटा वावरू शकेल का, याचा अंदाज मॅडम त्यावरून बांधत.

वारज्याच्या सोजरबाईंचा उजवा भाग लुळा पडला होता. महिनोन्‌महिने घाम गाळून एके दिवशी त्या एकट्या उठल्या, चालल्या, परत आल्या. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

‘‘मॅडम, मग आई घरी एकटी राहील ना?’’ भिंतीशी उभ्या त्यांच्या मुलाने, रणजितने विचारलं. ‘‘आमची दोघांची ड्यूटी असते.’’

‘‘नक्की राहतील!’’

मी ओरडले. बाहेर आली फक्त कुरकुर. सोजरबाईंच्या पायांत अजून बळ नव्हतं. डाव्या हाताने माझा हात दाबून त्या उठल्या होत्या. अर्धं उठणं माझं होतं. पण खुर्चीचं कोण ऐकतं?

पुढच्याच आठवड्यात रणजितने त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं.

‘‘सकाळी मेथी निवडायला खाली बसली. संध्याकाळी आम्ही आलो तेव्हा तिथंच. लुगडं ओलं. तुम्हीच म्हणालात, राहील.’’

मॅडमचा आवाज खाली गेला. ‘‘आजी, खुर्चीवर का नाही बसलात?’’

‘‘खुर्चीत बसून भाजी निवडाया मी काय सरपंच हाय व्हय? जल्म जमिनीवर गेला, पोरी.’’

कुणी हसलं नाही. सोजरबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘‘आता न्हाई उठायचं मला,’’ एवढंच म्हणाल्या. मॅडम ‘माझं चुकलं’ म्हणाल्या, आणि सगळे गेल्यावर बराच वेळ माझ्यासमोर फरशीवर बसून राहिल्या. हात न टेकता उठून पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला ओढत भिंतीशी नेलं. मधोमध सतरंजी अंथरली. रणजितने परत आणलेल्या सोजरबाईंना धरून खाली बसवलं, स्वतः समोर मांडी घातली.

‘‘आजी, आजपासून परीक्षा इथून. जमेपर्यंत घरी एकटं राहायचं नाही.’’

सोजरबाईंचा डावा हात वर आला. हवेत चाचपडला. तो मलाच शोधत होता.

बाई, नका शोधू. मला आता भिंतीशी उभं राहायचंय.