कोर्सीखालच्या शेगडीची कबुली

मित्रांनो, दचकू नका, या घटकेला माझ्यात एकही निखारा नाही. मी एक जुनी तांब्याची शेगडी आहे. माझा जन्म इराणमधल्या झंजान शहरातल्या तांबट आळीतला. माझ्या तांबटाला बायकोशी भांडल्याशिवाय हात चालवता येत नसे. मला घडवलं त्या दिवशी भांडण चांगलंच पेटलेलं असावं, कारण माझ्या अंगावरचा एकही ठोका चुकलेला नाही.

तूरानखानूम नावाच्या नवरीबरोबर मी आल्बोर्झच्या डोंगरातल्या एका गावी आले. तिथे हिवाळ्यात खोलीच्या मधोमध बुटकं चौकोनी मेज मांडतात, त्याला कोर्सी म्हणतात. मेजाखाली मी, वर भलीमोठी रजई आणि चारी बाजूंना रजईत पाय घालून बसलेली माणसं. चहा, अक्रोड, डाळिंबाचे दाणे, रुसवेफुगवे सगळं तिथेच चालायचं. 'तूरानच्या कोर्सीची ऊब कुठेच नाही,' असं लोक म्हणायचे आणि मी फुगून जायचे. खरं तर श्रेय तिचं होतं. कोळशावरची निळी ज्योत मरून वर पांढरी राख धरेपर्यंत ती मला अंगणातच ठेवी, मग घरातले कितीही कुडकुडोत. खोलीची वरची खिडकीही ती बोटभर उघडी ठेवायची. कोंदलेल्या खोलीत कच्चा निखारा माणसाला झोपेतच मारतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पुढे तूरानखानूम वारली. मुलगा सियामक तेहरानला राहायला गेला आणि मी कोठीच्या खोलीत पडले. कुणीतरी माझ्यात कांदे भरून ठेवले. तांब्याच्या जातीला एवढा अपमान पुरे होता.

म्हणून दोन वर्षांपूर्वी भर हिवाळ्यात सियामक बायकोमुलीला घेऊन दोन दिवसांच्या सुट्टीवर गावी आला आणि त्याने मला चिंचेने... छे, लिंबाने घासून लखलखीत केलं, तेव्हा मला आनंद झाला. इतका की पुढचं काही सुचलं नाही. त्याची मुलगी गुलनूश आठ वर्षांची. तिने कोर्सी कधी पाहिलीच नव्हती.

दुपारी बर्फ पडू लागलं. सियामकने अंगणात माझ्यात कोळसा पेटवला. कोळसा दमट होता. निळ्या ज्योती नुकत्या कुठे नाचू लागल्या, तेवढ्यात तो मला उचलायला वाकला.

"अरे, तुझी आई अर्धा-अर्धा तास बाहेर ठेवायची ना? तूच सांगतोस," त्याची बायको माहरुख दारातून म्हणाली.

"आईला दुसरं काम काय होतं? इथे माझी बोटं गळून पडायची वेळ आलीय."

त्याने मला आत नेलं. वरच्या खिडकीतून वारा येतो म्हणून तिच्या फटीत जुना टॉवेल कोंबला. मला ओरडावंसं वाटत होतं. पण शेगडीला तोंड असून बोलता येत नाही.

पहिला अर्धा तास हसण्याखिदळण्यात गेला. मग गुलनूश रजईत शिरली, डोकंसुद्धा आत घेतलं. "बाबा, मला शोधा!" ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. वर सियामक जांभई देत म्हणाला, "काय गोड झोप येतेय! डोंगराची हवाच निराळी."

"माझं डोकं दुखतंय रे," माहरुख म्हणाली.

"प्रवासाने दुखत असेल. पड जरा."

ती पडली. तोही पडला. मित्रांनो, ती शांतता मला अजून ऐकू येते. खाली गुलनूश दोनदा "आई" म्हणाली, अगदी हळू. वर कुणी हललं नाही. मग तिचा हात माझ्या पायाजवळ सैल पडला. मी मात्र तापतच होते. मला विझता येत नव्हतं.

एवढ्यात छपरावर फावडं खरखरलं. शेजारचे म्हातारे सफदर बर्फ काढायला चढले होते. बर्फाच्या ओझ्याने घर बसू नये म्हणून आमच्याकडे शेजाऱ्याचंही छप्पर साफ करतात. त्यांनी वरून हाक मारली, "सियामक! वर ये की आळशा! तुझ्या छपरावरचं बर्फ मी काढू आणि तू चहा पिणार?" उत्तर नाही. पुन्हा हाक. मग पावलं धावत खाली आली आणि दार धाडकन उघडलं.

सफदरनी आधी दोघांना ओढून काढलं. गार वारा लागताच माहरुखने डोळे उघडले आणि तिची बोबडी वळली, "गुल... गुलनूश... आत!" सफदरनी रजई फेकून दिली. पोर निपचित होती. तिला उचलून त्यांनी अंगणात मोकळ्या हवेत नेलं. ते गालावर थापट्या मारत राहिले. "ऊठ गं बाळा, ऊठ." किती वेळ गेला ते मला ठाऊक नाही. अखेर तिला ढास लागली, ती ओकली, रडली. ते रडणं मला टाळ्यांपेक्षा गोड वाटलं. मग ट्रॅक्टरवरून तिघांना दवाखान्यात नेलं.

परत आल्यावर सियामक मला भंगारात द्यायला निघाला. सफदर म्हणाले, "तिचा काय दोष, पोरा? ती चालत आत आली होती का?" सियामक खाली बसला आणि हुंदके देऊन रडला. मित्रांनो, तरी माझा दोष मी झटकत नाही. पुन्हा उपयोगी पडण्याच्या हौसेने मीही हुरळले होते.

गेल्या हिवाळ्यात ती तिघं पुन्हा आली. खिडकी उघडी ठेवून सियामकने मला अंगणात पेटवलं. थोड्या वेळाने कुडकुडत मला उचललं, तर गुलनूश दारात दोन्ही हात पसरून आडवी उभी.

"अजून नाही, बाबा."

"अगं, गारठलो मी!"

"गारठा. आत नाही यायचं."

सियामकने तिच्याकडे पाहिलं, मला पुन्हा बर्फात ठेवलं आणि शेजारी उकिडवा बसून राहिला.

मित्रांनो, मला घासलं नाही तरी चालेल, माझ्यात कांदे भरलेत तरी चालेल. पण तुमच्या दारात असं कुणी आडवं उभं राहिलं, तर त्याला बाजूला सारू नका.