जांभळी बाजू
सोनाराने खडा अण्णांच्या तळहातावर ठेवला आणि बजावलं, जांभळी बाजूच वर यायला हवी. टांझानाइट होता. असा दुसरा मिळायचा नाही, हे त्याने जाता जाता दोनदा ऐकवलं.

अण्णांची चाळीस वर्षं पैलू पाडण्यात गेली होती. हा दगड एका बाजूने निळा, तर फिरवला की जांभळा दिसतो. कारागिराने आधी ती जांभळी दिशा शोधायची, मगच दगड चाकाला लावायचा. अण्णांनी खडा दिव्यासमोर धरला. निळसर दिसला. फिरवला, तरी तसाच, जरा मळकट.

त्यांनी बल्ब बदलला. खिडकीशी जाऊन भर उजेडात पाहिलं. शेवटी नमुन्यांच्या डबीतून स्वतःच घडवलेला एक जांभळा खडा काढला. तोही राखेसारखा दिसला, तेव्हा त्यांनी डबी मिटून ठेवली.

डोळे गेल्यावर वडील शेवटची सहा वर्षं भिंत चाचपत न्हाणीघरात जायचे. अण्णांना ते आठवायचं नव्हतं, आणि दुसरं काही सुचतही नव्हतं. चार दिवस त्यांनी पाणी गढूळ आहे, पट्टा सैल आहे, अशा सबबी सांगितल्या. शेजारच्या चाकावर पॉलिश करणारी धाकटी बहीण मान डोलवायची.

पाचव्या दिवशी सोनाराचा फोन आला. अण्णांनी अंदाजानेच खडा धरायच्या काडीला चिकटवला आणि चाक सुरू केलं. हा दगड दिसतो तेवढा टणक नसतो. एका दिशेला जरा जोर पडला की सरळ चिरतो. चाक बोटभर अंतरावर आलं, तोच बहिणीने बटण बंद केलं.

"दादा, उलटा लावलायस."

अण्णांनी काडी मागे घेतली.

"कधीपासून दिसत नाही?"

"माहीत नाही. तुला कसं कळलं?"

"गेल्या महिन्यात निळा म्हणून जांभळा पॉलिशला दिलास. विचारायची हिंमत झाली नाही. बाबांचं सुरुवातीला असंच होतं."

अण्णांनी काडी तिच्या हातात दिली. तिने आजवर पहिला पैलू कधी पाडला नव्हता. तिने दिशा शोधली, खडा नव्याने चिकटवला, आणि अण्णा डोळे मिटून नुसता चाकाचा आवाज ऐकू लागले. हलका धर, पाणी सोड, थांब, असं सांगत राहिले. मध्येच चाक करकरलं. कडेचा नखाच्या टोकाएवढा पापुद्रा उडाला. तिने खडा उचलून भिंगाखाली धरला, फिरवून फिरवून पाहिला. चीर आत गेली नव्हती.

सोनाराने आकार लहान झाल्याची कुरकुर केली, पण रंगाला नाव ठेवलं नाही.

डोळे तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डोळ्यातलं भिंग पिवळं पडलं की जांभळा रंग आधी मावळतो. वडिलांसारखं नाही, हे बरं होणारं आहे, दहा मिनिटांचं काम. बहीण तिथल्या तिथे तारीख विचारू लागली. अण्णा मात्र त्या दहा मिनिटांवरच अडकले. दहा मिनिटांत काय काय चिरतं, ते त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

पहिल्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी टेबलावर आडवं झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, तुमचा हात कधी थरथरतो का?"

"पहिल्या वर्षी थरथरायचा," त्या म्हणाल्या.

त्या डोळ्याला आता सगळं स्वच्छ दिसतं. दुसऱ्या डोळ्याची तारीख अण्णांनी अजून घेतलेली नाही. बहीण रोज विचारते, आणि ते रोज पुढच्या आठवड्यावर ढकलतात.