पाय मोकळे

आमच्या घरात 'लघवी' हा शब्द कोणी उच्चारत नाही. बाबा म्हणतात, "जरा पाय मोकळे करून येतो." पानिपतला मामाकडे जाताना ते ढाबा दिसला की गाडी थांबवायचे आणि आई वैतागायची. मग त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, डायलिसिस सुरू झालं, तशी गाडी कुठेच थांबेनाशी झाली.

आज आई तिचं एक मूत्रपिंड बाबांना देत होती. गाझियाबादच्या इस्पितळात मी आणि प्रसन्नमामा थिएटरबाहेर बसलो होतो.

"काय बीएस्सीबाई, इकडून काढायचं, तिकडे लावायचं. एवढा वेळ?"

"मधे त्याला रक्तच मिळत नाही, मामा. म्हणून थंडगार द्रावणाने धुऊन बर्फावर ठेवतात. थंडीत पेशींची भूक मंदावते."

"मग लावलं की सुटलो!"

"नाही ना. रक्त परत आलं की त्यातल्या प्राणवायूनेही पेशींना इजा होते. ती फार झाली तर मूत्रपिंड लगेच काम करत नाही. पुन्हा डायलिसिस."

मामाने कपाळावर हात मारला. "तुला कॉमर्सला घालायला हवं होतं."

आईचं ऑपरेशन आधी आटोपलं. मला आत बोलावलं तेव्हा ती गुंगीतच नर्सला विचारत होती, "सिस्टर, उन्होंने पैर मोकळे किए क्या?"

नर्सने घाबरून आईच्या पायांवरची चादर उचलली. "पैर सुन्न हैं क्या, आंटी?"

"मेरे नहीं, उनके!"

"अंकलजी तो अभी टेबल पर हैं. पैदल कहाँ जाएँगे?"

मला हसू फुटलं. "अजून नाही गं. कळलं की सांगते."

बाहेर आले तर समोरून सर्जन मास्क काढत येत होते. "नस पर लगा क्लॅम्प खोलते ही किडनी गुलाबी हो गई. और पेशाब वहीं टेबल पर शुरू!"

मामाने सवयीने आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना! मग डॉक्टरांचे दोन्ही हात धरून म्हणाला, "ज़ोर से बोलिए, डॉक्टरसाहब, ज़ोर से!"

मी आत धावले. आईच्या कानाशी वाकून म्हटलं, "केले गं. बाबांनी पाय मोकळे केले."

तिने डोळे उघडले नाहीत. फक्त लांब श्वास सोडला.

"झालं. आता पानिपत येईपर्यंत पुन्हा प्रत्येक ढाब्यावर थांबा."